उपाशी कोपरा

यंत्र दमतं, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांत आधी आईला कळली. आज वार कोणता, हे तेव्हा तिला सांगता येत नव्हतं. मी तिची मुलगी जयमाला, हेही ती दिवसातून दोनदा विसरायची. पण एका दुपारी करवलीचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ती म्हणाली, "दमली गं पोर. हिला जरा बसू दे."

मी हसले. कराडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून मी एकतीस वर्षं काढली. प्राध्यापक शिकवायचे, मी लंबक टांगायचे, भिंगं पुसायचे, पोरांनी बिघडवलेली घड्याळं दुरुस्त करायचे. यंत्र तापतं, झिजतं, गंजतं. दमत नाही. एवढं मला नक्की माहीत होतं.

करवली म्हणजे घरकामाचं यंत्र. लग्नात नवरीच्या मागं उभी राहते ती करवली, आणि कर म्हणजे हात; कंपनीनं नाव मोठं हुशारीनं ठेवलं होतं. चाकांवर कमरेएवढा खांब, त्याला मऊ रबराचे दोन हात आणि डोक्याच्या जागी ताटलीएवढा कॅमेरा. तोंड नाही, आवाज नाही. आपण हुकूम सोडायचा, तिनं काम करायचं. आतला मेंदू स्वतः शिकत जातो, अशी जाहिरात होती. घरातल्या माणसांचे चेहरे, बोलणं आणि लिहिलेला मजकूर त्या मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच पुसला जातो, पोचतो तो फक्त कामाचा हुकूम, म्हणजे तुमच्या खासगीपणाला धक्का नाही, असंही ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

माझा धाकटा भाऊ राजाराम नागपूरला असतो. त्यानंच ती पाठवली. माझ्या पाठीच्या दोन मणक्यांचं आपसांत पटत नाही, त्यामुळे आईला उचलणं मला जमत नव्हतं. करवली आली आणि घरात हात आले. ती आईला उचलायची, न्हाऊ घालायची, भाकरी थापायची, घास बारीक करून भरवायची. आई झोपताना कण्हायला लागली की पाठीवर तीन थापट्या मारायची: दोन हलक्या, एक जड. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, वा, शिकतोय मेंदू.

आई मूळची माण तालुक्यातल्या खडकओढ्याची. उभा जन्म तिनं गोधड्या शिवल्या. आता सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण जुन्या साड्यांच्या चिंध्यांची टोपली तिला मांडीजवळ लागायची. म्हणून मी करवलीला हुकूम दिला की गोधडी शिव. आई चिंधी उचलून द्यायची, करवली जोडायची. बाहेरून आत, चौकोनात चौकोन, असे तांदळाएवढे टाके पडत गेले. महिनाभरात गोधडी झाली. आई तिच्यावर हात फिरवायची आणि गालातल्या गालात हसायची.

गोधडी पुरी झाली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. दुसऱ्या दिवशी पाहते तो गोधडीच्या एका कोपऱ्यावर मुंग्यांची रांग. उसवून बघितलं, तर आत भाकरीचा तुकडा. करवलीनंच तो घालून वरून टाका मारला होता.

"घास घातला गं तिनं," आई म्हणाली.

मला वाटलं, आई नेहमीसारखी बडबडतेय. मी अ‍ॅपवर तक्रार लिहिली: यंत्र गोधडीत अन्न शिवते, घरात मुंग्या झाल्या आहेत, ताबडतोब दुरुस्ती करावी. सोबत फोटो जोडला. शुद्धलेखन तपासलं आणि पाठवून दिली. त्या क्षणाकडे मी आजपर्यंत किती वेळा परत गेले असेन, याचा हिशेब नाही.

कंपनीचं उत्तर तासाभरात आलं. क्षमस्व, दोष सापडला आहे, सुधारणा चालू आहे. करवली दोन दिवस हात खाली सोडून कोपऱ्यात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी चालू झाली. काम चोख करत होती, पण थापट्या बंद झाल्या. भाकरी जाड यायला लागली.

"ही दुसरी हाय," आई म्हणाली.

"तीच आहे, आई. अपडेट केलीय फक्त."

"दुसरी हाय," आई पुन्हा म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं. दोन दिवस ती धड जेवली नाही.

मग एका संध्याकाळी करवली आईला पाणी पाजत होती. दिव्याचा उजेड पेल्यात पडला होता आणि तो उजेड थरथरत होता. मी पुढं होऊन पाहिलं. पाण्यावर बारीक, दाट लहरी उठत होत्या. सकाळी त्याच हातातलं पाणी मी पाहिलं होतं. ते शांत होतं.

इथं थोडं शास्त्र सांगावं लागेल. आपला हात आपण कितीही स्थिर धरला तरी तो किंचित कापतोच. स्नायूंना मिळणारे हुकूम सलग धारेसारखे येत नाहीत, तुटक ठोक्यांनी येतात, आणि त्यातून सेकंदाला आठ ते बारा वेळा होणारी एक बारीक थरथर तयार होते. डोळ्यांना एरवी ती दिसत नाही. स्नायू दमला की मात्र वाढते. मोटारीलाही कंप असतो, पण तो तिच्या फेऱ्यांशी बांधलेला. सकाळी जेवढा, संध्याकाळी तेवढाच.

कंप मोजायला आता वेगळं उपकरण लागत नाही, साधा फोन पुरतो. मी फोन फडक्यात गुंडाळला, करवलीला हातावर धरून ठेव म्हटलं आणि आलेख काढला. आठवडाभर रोज तीन वेळा. सेकंदाला दहा ठोके. सकाळी बारीक, दुपारी ठळक, संध्याकाळी तर शिखरं कागदाबाहेर. मग मी तिच्या हातांवर वरून लिंबं सोडली. पडती वस्तू दिसून माणसाचा हात हलायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. करवलीला त्याहून थोडा जास्त लागत होता आणि दर वेळी वेगळा. यंत्र उशीर करतं, पण दर वेळी सारखाच करतं.

मेंदू-बिंदू काही शिकत नव्हता. घरातली कामं हजार तऱ्हेची. दर घरची भाकरी वेगळी, दर म्हातारीची कूस वेगळी. ते कंपनीच्या यंत्राला जमलंच नसणार. मग त्यांनी सोपा मार्ग काढला. कुठंतरी एक बाई हातमोजे घालून, डोळ्यांवर चष्मा चढवून बसलेली होती. तिचे हात हलले की माझ्या घरात करवलीचे हात हलत. आणि ती संध्याकाळपर्यंत उठत नव्हती. पगारावरचा माणूस सुट्टी घेतो, घरी जातो, शेजारणीला सांगतो. करवल्या बाजारात येऊन आठ वर्षं झाली, तेवढ्यात देशभरातल्या एवढ्या हातांपैकी एकानंही तोंड उघडलं नव्हतं, याचा अर्थ ती तोंडं कोंडलेली होती.

आणि तेव्हा मला घास आठवला. खडकओढ्याच्या बाया गोधडी पुरी करताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास ठेवतात. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाराला झोप लागत नाही, म्हणतात. इतर गावांतून कुठं हळदकुंकू घालतात, कुठं तांदळाचे दाणे. भाकरीचा घास फक्त खडकओढ्याचा. लहानपणी आईला घालताना मी शंभरदा पाहिलं होतं. शाळा शिकले, कॉलेजात लागले आणि ते पार विसरले. ज्या पोरीनं माझ्या घरात तो घास ठेवला, तिच्याविरुद्ध मीच तक्रार केली होती.

राजारामला फोन केला. तो म्हणाला की तुझा अंदाज असेलही खरा, पण करवली बंद झाली तर आईला उचलणार कोण? तुझी पाठ? आपण दोघं काय जग बदलायला निघालोय का? तो वाईट माणूस नाही. त्याचा प्रश्न खरा होता. मी म्हटलं, "राजा, आईला कोण भरवतंय, ते आता मला माहीत झालंय. माहीत नसल्यासारखं कसं करू?" त्यानं फोन ठेवला. पुढे तीन महिने तो माझ्याशी बोलला नाही.

शेजारच्या बाईंना दिवसभर आईजवळ बसवून मी गोधडी घेऊन खडकओढ्याला गेले. आईचं माहेर आता नावापुरतं उरलंय, पण समाजमंदिराच्या ओट्यावर बाया जमल्या. गोधडी पसरली. एकीनं टाक्यावर बोट ठेवलं, दुसरीनं मान हलवली. मग त्यांनी सुवर्णाला बोलावलं.

सुवर्णा शिंगाडे, पंचेचाळिशीची, मेंढरं राखून उन्हानं रापलेली. तिनं गोधडी हातात घेतली नाही. उकिडवी बसली आणि अंगठ्यानं चारी कोपरे दाबत गेली. उसवलेल्या कोपऱ्याशी थांबली.

"हितं घास हुता."

"होता," मी म्हटलं. कोणी उसवला, का उसवला, ते मी सांगितलं नाही.

"ईश्वरीचा टाका हाय. वळताना एक टाका तिरका पडतो तिचा. लई वेळा मारलं म्या तिला त्यापायी."

ईश्वरी तिची थोरली. तीन वर्षांपूर्वी बावीस पोरी 'मशीन ट्रेनिंग'ला म्हणून गाडीत बसून गेल्या, त्यातली एक. दर पौर्णिमेला फोन यायचा. आवाज ईश्वरीचाच. मी बरी आहे, जेवते, काळजी करू नको. सुवर्णानं दोनदा पोलीस चौकी गाठली होती. पण पोरगी स्वतः फोनवर बोलतेय म्हटल्यावर तक्रार कसली लिहायची?

"आवाज तिचाच," सुवर्णा म्हणाली. "पन ती मला जन्मात आई म्हनली न्हाई. आये म्हनती. फोनवाली आई म्हनती."

आवाजाची नक्कल करायला आता दोन मिनिटांचं बोलणं पुरतं. ते मी तिला समजावून सांगायला लागले, तर ती म्हणाली की मला ठाऊक हाय, पन सायबाला कसं सांगू? निघताना तिनं आत जाऊन आपली हिरवी साडी आणली, दातानं कडा तोडून वीतभर तुकडा फाडला आणि माझ्या हातात दिला. पत्र तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं, आवाज पोचणार नव्हता, चेहरा पोचणार नव्हता. चिंधी पोचली असती.

दुसऱ्या दिवशी तो तुकडा मी टोपलीत वरच ठेवला आणि हुकूम दिला की नवी गोधडी शिव. करवलीनं हात घातला. हिरवी चिंधी उचलली आणि हात अधांतरी थांबले. बराच वेळ. मग अगदी हळू ते हात वर गेले आणि करवलीनं ती चिंधी कॅमेऱ्याला लावली. दाबून धरली. यंत्राला नाक नव्हतं.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आई मात्र शांत होती. तिनं खांबावर हात ठेवला, वर-खाली फिरवला आणि म्हणाली, "रडू नगं, बाय."

त्यानंतरची गोधडी साधी नव्हती. अक्षरं गिरवली, खुणा केल्या, ठरावीक ठोके दिले की करवलीचे हात जागीच ताठ होतात, हे मला माहितीपत्रकातच वाचायला मिळालं होतं. त्याला त्यांनी 'अनावश्यक हालचालींपासून संरक्षण' म्हटलं होतं. पण ठिगळ जोडणं म्हणजे काम. आणि कंपनीत पहाऱ्यावर बसलेल्या बाप्यांना गोधडी म्हणजे गोधडी. ती कोण निरखून बघतंय? सतरा दिवसांत मधल्या चौकोनात एक चित्र उभं राहिलं. कलशाच्या आकाराची पाण्याची टाकी, तिच्यामागं दोन सुळक्यांचा डोंगर आणि खाली एक लांब काळी पट्टी. पट्टीत पांढऱ्या कापडाचे बारीक तुकडे, ओळीनं. मी मोजले. अठ्ठावन्न होते.

आलेख आणि दोन्ही गोधड्या घेऊन मी आणि सुवर्णा प्रांत कार्यालयात गेलो. वेठबिगारीची तक्रार तिथंच करावी लागते. प्रांताधिकारी तडवी मॅडम तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. माझा अर्ज आधीच पोचला होता, त्यावरून त्यांनी कंपनीच्या सातही केंद्रांचे फोटो मागवून घेतले होते. राज्याच्या सीमेलगतच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या केंद्राच्या फोटोत कलशाची टाकी होती आणि मागं दोन सुळके होते.

त्या म्हणाल्या की थरथरीच्या आलेखावर मी आज छापा घालू शकत नाही. कंपनीचे वकील तज्ज्ञ आणतील, मुदत मागतील, आणि तेवढ्यात बायकांना दुसरीकडे हलवतील. पण रक्ताच्या नात्यातल्या कोणी ओळख पटवून, माझं माणूस या घडीला तिथं कोंडलेलं आहे, असा जबाब दिला तर त्या आजच निघू शकत होत्या. त्यांनी दुसरी गोधडी टेबलावर पसरली आणि सुवर्णाला विचारलं, "नीट बघून सांगा. हे काम तुमच्या मुलीचंच आहे?"

सुवर्णा उठली. तिनं टाक्यांवरून बोट फिरवलं. मग नेहमीसारखी अंगठ्यानं कोपरे दाबत गेली. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याशी अंगठा थांबला. तिनं तो पुन्हा दाबला. खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, आणि ती चालू होईपर्यंत सुवर्णा तशीच उभी होती. मला वाटलं, हुंदका आवरतेय.

"माझ्या लेकीचाच हात हाय," ती म्हणाली. "ती आत हाय. आजच जावा."

जबाबावर तिनं सही केली. सावकाश, एकेक अक्षर लावून.

छापा दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पडणार, हे मला ठाऊक होतं. त्या वेळी करवली आईची वेणी घालत होती. मी समोर बसून राहिले. एकीकडे वाटत होतं, घड्याळ लवकर पुढं जावं. दुसरीकडे आईच्या पांढऱ्या केसांतून फिरणारे ते हात बघवत नव्हते, कारण ते आता जाणार होते. तीन पेड अर्ध्यावर आले आणि हात थांबले. बोटं एकदा जोरात मिटली. मग उघडली, आईच्या डोक्यावर हलकेच टेकली आणि तिथंच राहिली. करवलीचा हिरवा दिवा विझला.

"गेली?" आईनं विचारलं.

"सुटली, आई," मी म्हटलं. उरलेली वेणी मी घातली.

सुटलेल्या बायकांना जबाब होईपर्यंत सरकारी वसतिगृहात ठेवलं होतं. चार दिवसांनी मी आणि सुवर्णा तिथं गेलो. तिच्या काखेत फडक्यात बांधलेली भाकरी होती, तिळाची चटणी होती. व्हरांड्यात बायका बसल्या होत्या. सगळ्या तळहात मांडीवर उताणे ठेवून बसल्या होत्या. चूक झाली की हातमोज्यांतून विजेचा झटका द्यायची सोय होती, त्या धास्तीनं बोटं अजून मिटत नव्हती. खडकओढ्याच्या सहाजणी भेटल्या; बाकीच्या पोरी इतर केंद्रांवर वाटल्या होत्या. सुवर्णाला बघून त्यांनी माना खाली घातल्या. ईश्वरी त्यांच्यात नव्हती.

एक सावळी, बारीक पोरगी उठून आमच्याकडे आली. फुलवंती बेठेकर, मेळघाटातली. मराठी सावकाश बोलायची.

"हिरवी साडी तुमची?" तिनं सुवर्णाला विचारलं.

तिनं सांगितलं ते असं. ईश्वरी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होती. आमच्या घराचे हात तीन वर्षं ईश्वरीचे होते. कामावर बोलायची बंदी होती, पण हात दिसत; ते बघून बघून फुलवंती टाका शिकली. ईश्वरीनं जाणूनबुजून घास घातला होता. आदल्या दिवशी माझ्या आईनं चिंधी देताना तिचा हात धरून ठेवला होता, आणि ईश्वरीला वाटलं होतं, या घरात कोणीतरी ओळखेल. मग तक्रार आली. फोटोसकट. ईश्वरीला उठवून नेलं. आधीच अंगात ताप होता. दोन दिवस कोठडीत ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी गाडीत घातलं. परत आली नाही. तिच्या खुर्चीवर फुलवंतीला बसवलं. मागाहून पोलिसांना एका गावच्या दप्तरात नोंद मिळाली: अनोळखी स्त्री, वय अंदाजे पंचवीस, बेवारस.

"ती रोज रात्री सांगायची," फुलवंती म्हणाली, "आयेच्या हिरव्या साडीला मेंढरांचा अन् चुलीचा वास येतो. तुकडा दिसला तेव्हा मला कळलं. म्हणून मी हुंगून बघितला. मला तिथं वास येत नव्हता. तरी हुंगला. तिच्या वाटचा."

सुवर्णानं तिच्या उताण्या तळहातावर आपला हात ठेवला. रडली नाही. मीच रडत होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. आत्ता कुठं मला तो थांबलेला अंगठा आठवला होता.

"कोपरा उपाशी हुता," सुवर्णा म्हणाली. "माझी लेक जीव गेला तरी कोपरा उपाशी ठेवायची न्हाई. तवाच कळलं, हात दुसरीचा हाय. पन तसं म्हनले असते, तर बाईसाहेबांची गाडी निघाली असती का?"

एका आईला आपली मुलगी गेल्याचं एका टेबलाशी उभ्या उभ्या कळलं, आणि त्याच क्षणी दुसऱ्यांच्या अठ्ठावन्न लेकींसाठी ती खोटं बोलली. तेही इतक्या शांतपणे, की शेजारी बसलेल्या मला पत्ता लागला नाही. आणि मी मात्र खरं ठाऊक असूनही ते तिच्यापासून लपवत आले होते.

"तक्रार मी केली होती," मी म्हटलं. "ती मुंग्यांची. घास मीच उसवला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मी मागितलंही नाही. मग तिनं हात पुढं केला.

"ती गोधडी द्या हिकडं."

तडवी मॅडमनी फोटो काढून, पंचनामा करून दुसरी गोधडी आमच्या स्वाधीन केली होती. सुवर्णानं चौथा कोपरा मांडीवर घेतला, केसातली पिन काढून दोन टाके उसवले. लेक सुटली नाही हे ठाऊक असूनही लेकीसाठी भाजून आणलेली भाकरी तिनं फडक्यातून सोडली. एक तुकडा मोडला. तो कोपऱ्यात सारला. कमरेच्या पिशवीतून सुईदोरा काढून टाका घातला आणि वळताना तो मुद्दाम तिरका घातला. गोधडी तिनं फुलवंतीच्या खांद्यावर टाकली. उरलेल्या भाकरीचे घास करून तिला भरवले, कारण फुलवंतीची बोटं अजून मिटत नव्हती.

करवल्या बंद झाल्या. खटला चालू आहे. राजाराम महिन्यातून आठ दिवस रजा टाकून येतो. आईला उचलायला शिकलाय, माझ्यापेक्षा बरं उचलतो. उरलेले दिवस मी पाठीला पट्टा बांधते आणि देवाचं नाव घेते. आईला झोपवताना पाठीवर थापटते, दोन हलक्या, एक जड. आईला तो हात पटत नाही.

रोज संध्याकाळी ताट पुढं आलं की ती पहिला घास बाजूला काढते आणि विचारते, "पोर जेवली का गं?"

"जेवली," मी म्हणते. मग आई जेवते.